स्विचमधील बफर आणि पॅकेटगळती

सुरत जिल्ह्यातील चलथाणच्या सहकारी साखर कारखान्यात, गाळपापेक्षा आवक वाढली की ऊस आवारात थांबतो. नेटवर्क स्विचमधील बफर हे असेच आवार होय. १ गिगाबिट वेगाने सलग येणारी माहिती १०० मेगाबिटच्या पोर्टमधून बाहेर पडत असेल, तर १ मेगाबाइटचा बफर सुमारे ९ मिलिसेकंदांत भरतो आणि पुढील पॅकेट्स टाकून दिली जातात.

बफर वाढवणे हा मात्र सरसकट उपाय नव्हे. आवार वाढवल्याने गाळप वाढत नाही. थांबलेला ऊस वाळतो. तसाच मोठा बफर विलंब वाढवतो. म्हणून विद्यार्थ्यांना प्रथम पोर्टवरील नोंदी वाचण्यास शिकवावे. सीआरसी त्रुटी वाढत असल्यास केबल व डुप्लेक्स तपासावे. त्रुटी नसताना बाहेर जाणारी पॅकेट्स गळत असतील, तरच बफरकडे वळावे.