रात्री साडेनऊचा मिन्युएट

ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये लिओपोल्ड मोझार्ट यांनी 1759 साली आपल्या मुलीसाठी, नानर्लसाठी, एक संगीतवही तयार केली. तिच्यातल्या एका मिन्युएटखाली, म्हणजे नाचाच्या लयीतल्या छोट्या रचनेखाली, त्यांची नोंद आहे. नानर्लचा धाकटा भाऊ वोल्फगांग हा तुकडा 26 जानेवारी 1761 ला, पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, रात्री साडेनऊला अर्ध्या तासात शिकला. दोनच दिवस आधी शिकलेल्या दुसऱ्या एका रचनेखाली सुरुवातीची आणि शेवटची वेळही दिली आहे: रात्री नऊ ते साडेनऊ. मिन्युएटला अर्धा तास, मोठ्या रचनेला तास, असं पुढे नानर्लनेही आठवणींत सांगितलं.

बापाचं घड्याळ बरोबर होतं. पण त्या अर्ध्या तासात नवं किती शिकायचं होतं?

मिन्युएटची बांधणी साधी असते. सहसा दोन छोटे भाग, प्रत्येक दोनदा. मग तसाच जोडतुकडा आणि शेवटी पुन्हा पहिला मिन्युएट. आठ-दहा मिन्युएट हाताखालून गेलेल्या मुलाला वळणं आधीच कळतात. आपल्याकडेही भूप रागाचे पाच स्वर आणि तीनतालाची सम अंगात भिनलेल्या मुलाला भूपातली नवी चीज लवकर बसते. त्याला पाठ करायचे असतात ते शब्द आणि मुखडा. बाकीची वाट पायाखालची असते.

ओळखीचा हा फायदा बुद्धिबळात मोजलेला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी 1973 मध्ये खेळाडूंना काही सेकंद पट दाखवला. खऱ्या डावातली मांडणी पटाईत खेळाडूंनी बरीचशी आठवून लावली. सोंगट्या कशाही मांडल्या तेव्हा मात्र नवख्यांपुढे त्यांची सरशी उरली नाही. स्मरणशक्ती तीच, सोंगट्यांचे ओळखीचे पुंजके नसले की ती लंगडी पडते.

संगीतातले हे पुंजके जमू लागतात पाळण्यातच. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी 2005 साली उत्तर अमेरिकेतल्या बाळांना बाल्कन प्रदेशातलं लोकसंगीत ऐकवलं. त्याची लय असमान, आपल्या रूपक तालाच्या तीन-दोन-दोनशी नातं सांगणारी. लय बिघडवली की सहा महिन्यांच्या बाळांना ते कळे, वर्षाच्या बाळांना कळत नसे; त्यांचे कान तोवर घरच्या लयीला सरावलेले. पण दोन आठवडे तेच संगीत घरी ऐकवल्यावर वर्षाच्या बाळांना पुन्हा फरक कळू लागला. तेवढ्याच ऐकण्याने मोठ्यांना ते साधलं नाही.

म्हणजे लहान वयाचा फायदा खरा आहे. पण तो आहे कानाचा. रियाजाचे तास त्याने माफ होत नाहीत. ब्रिटनमध्ये जॉन स्लोबोडा आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये वाद्य शिकणाऱ्या 257 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे गेलेली मुलं आणि मागे राहिलेली मुलं यांना परीक्षेची एकेक श्रेणी ओलांडायला लागलेले सरावाचे तास जवळपास सारखेच निघाले. पुढे गेलेल्यांनी ते तास लवकर भरले होते.

आणि ‘शिकणं’ म्हणजे तरी काय? बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले गायक कुमार गंधर्व कोवळ्या वयातच थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गात. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचं गाणं मावे. तेवढं ते जसंच्या तसं उचलत. तरीही मुंबईत बी. आर. देवधरांकडे त्यांनी पुढची कित्येक वर्षं शिकण्यात घालवली. तबकडीतलं गाणं गळ्यावर चढायला जो वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ तो राग आपल्या मनाने मांडायला लागतो.

म्हणून मुलाला गाण्याच्या वर्गाला घालताना ‘एक चीज किती दिवसांत बसेल?’ हे विचारण्याआधी घरात काय वाजतं, ते पाहावं. मोझार्टच्या घरात नानर्लचे धडे चालत आणि तीन वर्षांचा धाकटा भाऊ ते ऐकत बसे. मग स्वतःच वाद्याशी जाऊन जोडस्वर शोधत बसे. बापाने नोंद केली ती अर्ध्या तासाची. आधीचे तास कुणी मोजले नाहीत, कारण तेव्हा धडा ताईचा होता. वहीदेखील तिचीच.