द्राक्ष ते पेला (भाग ७) : सावजीसोबत काय घ्यायचं?

मागचा भाग वाचून भेटलेल्या प्रत्येकाचा एकच सवाल: "हे सारं ठीक आहे, पण सावजीसोबत काय घ्याचं?" नागपुरात वाइनवर लिहायला बसलं की या प्रश्नातून सुटका नाही. (वर्ध्याच्या वाचकांनी हा भाग नुसता वाचायचा. त्यांच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे.)

उत्तरासाठी नाशिकला जाऊ. गंगापूर धरणाजवळ गंगावऱ्हे इथे गुरनानी कुटुंबाने २००६ साली 'यॉर्क' वायनरी काढली. नाव इंग्लंडातल्या शहराचं वाटतं, पण ते जुळवलंय योगिता, रवी आणि कैलास या तीन भावंडांच्या नावांवरून. कैलास ऑस्ट्रेलियात वाइन बनवायला शिकून आले, व्यवहार रवी यांनी सांभाळला. २०२१ मध्ये 'सुला'ने ही वायनरी विकत घेतली. यॉर्कच्या बाटल्यांमध्ये शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ, शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ ही चार द्राक्षं भेटतात, आणि नागपुरी जेवणाला एवढी पुरतात.

ही द्राक्षं आपण हातगाडीवरून किलोने घेतो ती नव्हेत. थॉमसन पातळ सालीचं, बिनबियांचं. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, दाताखाली बी येणारं. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा मुख्यतः त्या सालीतून येतो.

हा तुरटपणाच सावजीशी भांडतो. 'मटणासोबत लाल' असं कुठेतरी वाचलेलं असतं, म्हणून आपण ऐटीत कॅबर्ने मागवतो. पण तो नियम मीठ-मिरीतल्या युरोपी मटणाचा. आपल्या तर्रीतल्या तिखटावर तुरट वाइन पडली की जीभ आणखी पेटते, आणि वाइन जितकी कडक तितका भडका मोठा. माझं मत स्पष्ट आहे: सावजीसमोर लाल बाटली उघडणं म्हणजे दोन्हींचे पैसे वाया. तिथे शेनिन ब्लाँ हवी, किंचित गोडसर आणि चांगली गार. गोडवा तिखटाला आवरतो, आंबटपणा तोंडातला तेलाचा थर कापतो. शिराझला मुळातच मिऱ्यांचा वास असतो. घरच्या कमी तिखट सुक्क्या मटणाबरोबर ती खुलते.

सोव्हिन्याँ ब्लाँची जोडी मला सापडली ती सांबारवडीत. बाहेरच्यांसाठी सांगतो, आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. वडी मोडली की आतल्या हिरव्या सारणाची जी वाफ नाकात शिरते, तिच्या जवळचाच हिरवा, पाल्यासारखा वास या वाइनला येतो. एक घास, एक घोट घेऊन बघा. मात्र सोबतची कढी बाजूला ठेवा, दोन आंबट एकत्र नकोत.

शेवटी संत्रा बर्फी. इथे नियम एकच: वाइन मिठाईपेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबटढाण लागते. वेलीवरच जास्त पिकू दिलेल्या शेनिनची 'लेट हार्वेस्ट' वाइन यासाठीच असते.

आता नागपूरकरांसाठी सगळ्यात कामाचं. पुस्तकं सांगतात, लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी. ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आपली मे महिन्यातली खोली कूलर लावूनही तिथवर येत नाही. मी एकदा एक बरी बाटली कपाटावर ठेवून विसरलो. जूनमध्ये पाहिलं तर बूच वर सरकलेलं, आणि आत शिजवलेल्या मनुकांचा काढा. तेव्हा लाल वाइनसुद्धा पिण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात बाटली घेताना दुकानदाराला ती कुठे ठेवली होती ते विचारा, आणि काचेच्या दर्शनी कपाटात उन्हात उभी असेल तर घेऊ नका.