रिकामे घट, उरलेले गोंदण

मराठी कवितेने वार्धक्याकडे आजवर कसे पाहिले याचा मागोवा घेऊ लागले म्हणजे एक विलक्षण गोष्ट प्रथमच ध्यानात येते ती ही, की आपल्या भाषेतील जरेच्या अगदी आरंभीच्या थोर चित्रांपैकी एक चित्र विशीही न ओलांडलेल्या तरुणाने रेखाटलेले आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानी पुरुष भर तारुण्यात आपल्या देहाकडे पाहतो आणि आज जे अंग पुष्ट आहे त्याची उद्या वाळलेली काचरी होईल, आज जे डोळे कमलदलांशी स्पर्धा करतात ते उद्या पिकल्या पडवळासारखे दिसतील, असे स्वतःलाच बजावतो. या उपमांत किळस आहे, पण ती दुसऱ्याच्या म्हातारपणाची नव्हे. आपलीच भावी प्रतिमा आगाऊ पाहून ठेवण्याचे धैर्य तीत आहे. पुढे दासबोधाच्या तिसऱ्या दशकात समर्थ रामदासांनी माणसाच्या आयुष्याची इत्थंभूत कैफियत मांडली तेव्हा वृद्धावस्थेचाही तपशील तीत आला; तथापि तिथे हेतू वैराग्याचा असल्यामुळे म्हातारा माणूस दाखल्यापुरता उभा राहतो, स्वतःविषयी फारसे बोलत नाही.

अर्वाचीन कवितेला हे बोलणे लवकर साधले नाही, आणि त्याचे एक कारण दुःखद असले तरी सरळ आहे. केशवसुत १९०५ मध्ये एकोणचाळिसाव्या वर्षी गेले, बालकवी १९१८ मध्ये अठ्ठाविशी गाठण्यापूर्वी, गोविंदाग्रज १९१९ मध्ये तेहतिसाव्या वर्षी. ज्यांनी नव्या कवितेचा पाया घातला त्यांच्यापैकी कित्येकांच्या वाट्याला पिकले केस आलेच नाहीत.

भास्कर रामचंद्र तांबे यांच्या वाट्याला ते आले. १८७३ मध्ये जन्मलेल्या, मध्य भारतातील संस्थानांच्या चाकरीत हयात घालवलेल्या आणि ग्वाल्हेरचे राजकवी म्हणून १९४१ मध्ये निवर्तलेल्या या कवीने शृंगाराची मधुर गीते लिहिली होती, आणि म्हणूनच ‘मधु मागशी माझ्या सख्या’ या कवितेत त्याने स्वतःची जी प्रतिमा उभी केली ती मला मराठीतील वार्धक्यप्रतिमांत सर्वांत प्रामाणिक वाटते. रसिक मध मागतो आहे आणि घरातले घट रिते झाले आहेत, एवढ्या रूपकावर दुसरा कवी थांबला असता. तांबे थांबत नाहीत. पूर्वी कमळाच्या द्रोणांतून भरभरून पाजल्याची आठवण देऊन ते रुसू नकोस म्हणून विनवतात, आणि मग आपल्या गाठीशी आता काय शिल्लक आहे ते दाखवतात: नैवेद्यापुरती दुधाची एक वाटी, आणि देवपूजेसाठी अंगणात कशीबशी जगवलेली कोरांटी. मधाच्या जागी दूध येते, प्रियकराच्या जागी देव येतो, कमळाच्या जागी काटेरी कोरांटी येते, आणि शृंगाराचा कवी आपले रूपांतर एकही तात्त्विक शब्द न उच्चारता सांगून जातो. ‘माझी प्रतिभा आटली’ हे साध्या गद्यात कबूल करावयाचे म्हटले असते तर संकोचाने जीभ अडखळली असती. रूपकाच्या आडोशाने ती कबुली लाज न वाटता देता आली, आणि उपमा-रूपकांना केवळ अलंकार मानणाऱ्यांनी या जागी थोडे थांबावे असे मला मनापासून वाटते. तांब्यांच्याच ‘नववधू प्रिया मी बावरते’ या गीतात मृत्यूच सासरचे बोलावणे होऊन येतो आणि कवी स्वतःला बावरलेली वधू म्हणून पाहतो. पण तिथे परंपरेचा आधार मोठा आहे, कोरांटी मात्र त्यांची एकट्याची.

१९७० मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकरांना गेलेल्या-उरलेल्याची तांब्यांनी केलेली ही शांत वाटणी मंजूर नाही. शेक्सपिअरच्या लिअरची छाया अंगावर वागवणारा हा म्हातारा नट स्वतःला विझता दिवा म्हणत नाही, निवारा मागत हिंडणारे वादळ म्हणतो. शक्ती अजून आहे, तिला जागा उरलेली नाही, हे वि. वा. शिरवाडकरांनी एका प्रतिमेत पकडले.

परंतु काय गेले आणि काय उरले याचा सर्वांत निर्भय जमाखर्च मला बहिणाबाई चौधरींच्या गाण्यात सापडतो. १८८० मध्ये आसोद्यास जन्मलेल्या, तिशीच्या सुमारास वैधव्य आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या खानदेशी शेतकरी बाईची गाणी १९५२ मध्ये, तिच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, ग्रंथरूपाने आली. कपाळीचे कुंकू पुसले तरी गोंदण राहिले आणि बांगड्या फुटल्या तरी मनगट राहिले, अशा आशयाने ती एका गाण्यात स्वतःकडे पाहते आणि दुसऱ्यात भविष्य सांगायला आलेल्या ज्योतिष्याला दारातूनच परतवते. ही गाणी वैधव्याची आहेत, म्हातारपणाची नव्हेत, असा आक्षेप कोणी घेईल. पण ज्या समाजात विधवेला तिशीतच वृद्धेचा वेष घालावा लागे, त्या समाजातील स्त्रीच्या वार्धक्याची कविता नेमकी कोणत्या वर्षापासून मोजावयाची, याचे उत्तर आधी त्या आक्षेपकाने द्यावे.