उष्णतेचा प्रवास: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

उष्णता जास्त तापमानाच्या वस्तूकडून कमी तापमानाच्या वस्तूकडे जाते. आपोआप उलटी कधीच जात नाही. हिवाळ्यात दार उघडे राहिले की ‘थंडी आत येते’ असे म्हटले जाते. बोलायला ते ठीक आहे. प्रत्यक्षात थंडी नावाचे वेगळे काही वाहत नाही. गार हवा आत येते आणि घरातली, अंगातली उष्णता घेते.

सर्वांत चिवट गैरसमज स्पर्शाचा आहे. पौषातल्या पहाटे स्टीलची कळशी लाकडी दारापेक्षा थंड लागते, म्हणून तिचे तापमानही कमी असणार असे वाटते. रात्रभर एकाच खोलीत असलेल्या दोन्ही वस्तूंचे तापमान मात्र जवळपास सारखेच असते. त्वचेचे तापमान सुमारे ३३ अंश सेल्सिअस असते. स्टील लाकडाच्या सुमारे शंभरपट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे हाताची ऊब त्यात झपाट्याने निघून जाते. त्वचेला जाणवतो तो हा वेग. मे महिन्यात उन्हात उभ्या ट्रॅक्टरचा पत्रा चटका देतो आणि शेजारचा लाकडी दांडा तेवढा भाजत नाही, त्याचेही मुख्य कारण हेच. फक्त आता उष्णता हातात शिरत असते.

सारखे ऊन मिळाले की सगळ्या वस्तू सारख्याच तापतात, हेही खरे नाही. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवला याचा पडताळा सहज मिळतो. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जुन्या गावातले पळसनाथाचे मंदिर जलाशयात गेले, आणि पाणी फार आटले की ते उघडे पडते. अशा वेळी भर दुपारी मंदिराच्या दगडावर अनवाणी पाय ठेवणे कठीण होते आणि काठचे पाणी मात्र सुसह्य असते. एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ४,२०० ज्यूल उष्णता लागते. काळ्या पाषाणाला त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकीच पुरते. शिवाय ऊन पाण्यात खोलवर शिरते, पाणी ढवळले जाते आणि बाष्पीभवनातही उष्णता खर्च होते. दगडाचा मात्र वरचाच थर सगळे ऊन झेलतो. रात्री चित्र उलटते: दगड लवकर निवतो, पाणी कोमट राहते.

गोधडी ऊब ‘देते’ ही समजूतही तपासण्यासारखी आहे. गोधडी स्वतः उष्णता तयार करत नाही. जुन्या लुगड्यांच्या थरांत हवा अडकलेली असते, आणि स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने शरीराची ऊब बाहेर जायला वेळ लागतो. म्हणूनच बर्फाची लादी घोंगडीत गुंडाळली तर ती लवकर वितळेल हा अंदाज चुकतो. उघड्या लादीपेक्षा ती जास्त वेळ टिकते. भिगवणच्या बाजारातली मासळी बर्फात घालून थर्माकोलच्या खोक्यांतून बाहेर जाते, तिथेही उष्णता अडवण्याचे काम अडकलेली हवाच करते.

‘उष्णता नेहमी वर जाते’ हे अर्धसत्य आहे. वर जाते ती हलकी झालेली गरम हवा. पत्र्याच्या घरात दुपारी डोके तापते ते तापलेला पत्रा प्रारणाने खाली उष्णता फेकतो म्हणून. गरम हवा तर पत्र्याला लगटूनच राहते. पत्र्यावर उसाचे पाचट पसरले की ऊन वरच अडते. हिवाळ्यात निरभ्र रात्री तोच पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे त्याच्या आतल्या बाजूने थेंब टपकतात तेव्हा पत्रा गळतोय असे वाटते. ते पाणी घरातल्या हवेच्या ओलाव्याचे असते.

माठातले पाणी गार राहते ते माती मुळात थंड असते म्हणून नव्हे. माठ पाझरतो, पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी बरीचशी उष्णता आतल्या पाण्यातून जाते. एक ग्रॅम पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे २,४०० ज्यूल लागतात. एवढी उष्णता काढून घेतली तर ५७ ग्रॅम पाणी १० अंशांनी निवते. बाहेरून तैलरंग दिलेला माठ दिसतो देखणा, पण छिद्रे बुजल्याने नीट गार करत नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत साधा माठही हात टेकतो.

शेवटचा गैरसमज चुलीजवळचा. जाळ वाढवला की उकळते पाणी आणखी तापते, असे अनेकांना वाटते. उघड्या भांड्यात पाणी सुमारे १०० अंशांवर अडते. जादा जाळाने फक्त वाफ जास्त होते आणि जळण वाया जाते. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, म्हणून डाळ लवकर शिजते. गुऱ्हाळात काहिलीतल्या रसाचे मात्र वेगळे. पाणी उडून साखर दाटत जाते तसा त्याचा उत्कलनबिंदूही चढतो आणि गूळ उतरवायच्या वेळी पाक ११५ अंशांच्या पुढे गेलेला असतो. त्यामुळे त्याचा शिंतोडा उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतो: तापमान जास्त, आणि चिकट असल्याने तो चटकन ओघळूनही जात नाही.