झाकणाखालची उष्णता: अमेरिकेच्या दक्षिण मैदानांतील वादळे

मैदानाची ठेवण

अमेरिकेतील टेक्सास, ओक्लाहोमा व कॅन्सस या राज्यांतील गवताळ पट्टा दक्षिण मैदाने म्हणून ओळखला जातो. तो सपाट भासतो, पण उतरता आहे. पश्चिमेचे अमरिलो सुमारे 1,100 मीटर उंचीवर, तर पूर्वेचे ओक्लाहोमा सिटी 400 मीटरच्या आत. दक्षिणेला मेक्सिकोचे आखात, नैर्ऋत्येला मेक्सिकोचे रखरखीत पठार. आखातावरील बाष्प अडवणारी पर्वतरांग मध्ये नाही.

शुष्करेषा

आखाताची दमट हवा आणि पश्चिमेची कोरडी हवा यांच्यातील सीमा म्हणजे शुष्करेषा. वसंत ऋतूत आणि उन्हाळ्याच्या आरंभी ती वारंवार आढळते. ती ओलांडताना दवबिंदू थोड्याच अंतरात दहा अंशांहूनही अधिक घसरू शकतो. तापमान मात्र दुपारी कोरड्या बाजूलाच जास्त असते. उंच पश्चिम भागात दमट थर पातळ असल्याने उन्हाने तो वरच्या कोरड्या हवेत लवकर मिसळतो, म्हणून रेषा दिवसा पूर्वेकडे सरकते आणि रात्री मागे येते. विदर्भ-मराठवाड्यातील वळवाच्या पावसातही बंगालच्या उपसागरावरील दमट वारे व वायव्येचे कोरडे वारे यांची गाठ पडते, हे येथे आठवावे.

झाकण

ऊन वाढले की वादळ होते, ही समजूत अर्धीच खरी आहे. मेक्सिकोच्या पठारावर तापलेली हवा नैर्ऋत्य वाऱ्यांबरोबर मैदानांवर येते, तेव्हा जमीन खाली गेलेली असते आणि ही हवा दमट थराच्या वर तरंगत राहते. खालून चढणारी हवा या उष्ण थरापाशी भोवतालपेक्षा थंड, म्हणजेच जड ठरते आणि थबकते. या थराला हवामानशास्त्रात झाकण म्हणतात. ते नसते तर दिवसभर किरकोळ सरी पडून ऊर्जा खर्ची पडली असती. झाकणामुळे ती साठते. त्याच्या वर तापमान उंचीबरोबर झपाट्याने उतरते, त्यामुळे एखाद्या जागी ते फुटले की मेघ तासाभरात दहा-बारा किलोमीटर उंची गाठतो. वादळ रोखणारा थरच त्याला उग्र करतो.

वाऱ्याचे वळण

जमिनीलगत आग्नेय वारा आणि वर वेगवान पश्चिमी वारा असेल तर चढता प्रवाह स्वतःभोवती फिरू लागतो. पाऊस त्या प्रवाहापासून दूर पडतो, म्हणून असा मेघ, अर्थात सुपरसेल, कित्येक तास टिकतो. मोठ्या गारा आणि प्रबळ टोर्नेडो बहुधा त्याच्यातूनच उद्भवतात. 31 मे 2013 रोजी ओक्लाहोमातील एल रेनोजवळच्या टोर्नेडोची रुंदी सुमारे 4.2 किलोमीटर मोजली गेली.

भर उन्हाळा

जुलै-ऑगस्टमध्ये उष्णता शिगेला पोहोचते. उग्र वादळे मात्र कमी होतात. वरचे वेगवान वारे उत्तरेकडे सरकलेले असतात आणि उच्च दाबाखाली उतरणारी हवा झाकण आणखी घट्ट करते. माती सुकली की सूर्याची ऊर्जा बाष्पीभवनात न जाता हवा तापवते, आणि तापलेली कोरडी हवा पाऊस आणखी दुरावते. 2011 मध्ये टेक्सासच्या विचिटा फॉल्स येथे 100 दिवस कमाल तापमान 37.8 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक होते.

रात्रीचा उष्मास्फोट

मरणाऱ्या वादळातील पाऊस कोरड्या हवेत विरतो व तिला थंड करतो. ती जड हवा खाली कोसळते. थेंब संपल्यावरही ती वेगामुळे उतरतच राहते आणि दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी तापते. मे 1996 मध्ये अशाच उष्मास्फोटात ओक्लाहोमातील चिकाशा येथे रात्री अवघ्या 25 मिनिटांत पारा सुमारे 31 वरून 39 अंशांजवळ गेला.

अंदाज

25 मार्च 1948 रोजी ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावरील फॉबुश व मिलर या अधिकाऱ्यांनी टोर्नेडोचा पहिला यशस्वी अंदाज वर्तवला. आता राष्ट्रीय वादळ-अंदाज केंद्र त्याच राज्यातील नॉर्मन येथे आहे. अनुकूल प्रदेश बराच आधी सांगता येतो. झाकण नेमके कुठे फुटेल हे एखाद-दुसऱ्या अंशावर ठरते, आणि तेथे अंदाज अजून चुकतात. एरवी वरच्या हवेच्या मोजणीसाठी दिवसातून दोनदा फुगे सोडले जातात. धोक्याच्या दिवशी दुपारी आणखी एक सोडण्याची पद्धत त्यासाठीच आहे.