पडद्याच्या अलीकडून

गुदाशयाचा कर्करोग ऑपरेशननंतर त्याच जागी परत आला, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, "डॉक्टर, या वेळीही दुर्बिणीतूनच होईल ना?" मी भूलतज्ज्ञ. माझी जागा पडद्याच्या अलीकडे, पेशंटच्या डोक्यापाशी. तिथून दुर्बिणीतली आणि पोट उघडून केलेली, दोन्ही तऱ्हांची ऑपरेशनं पाहायला मिळतात, आणि सुरी आपल्या हातात नसल्यामुळे कुठल्याच बाजूचा अभिमान नसतो.

पहिल्या वेळी सर्जन गुदाशय आणि त्याभोवतीची चरबी अखंड आवरणासकट काढतो. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी 1982 मध्ये ही पद्धत मांडली आणि रोग त्याच जागी परतण्याचं प्रमाण पुष्कळ खाली आलं. त्या आवरणाबाहेर एक विरविरीत, जवळजवळ रक्तहीन फट असते. दुसऱ्या वेळी ती फटच उरलेली नसते. रेडिएशनने आणि जुन्या जखमेने सगळं पांढरं, चिवट झालेलं. आतडी एकमेकांना चिकटलेली, मूत्रवाहिनी जागा सोडून आत ओढलेली. ती चुकून कापली जाऊ नये म्हणून युरॉलॉजिस्ट आधीच तिच्यात स्टेंट घालून ठेवतात.

दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, साधारण 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने, आणि टेबल डोक्याकडे झुकवतात. आतडी छातीकडे सरकतात, ओटीपोट मोकळं दिसतं. सर्जन खूश, मी जरा कमी. फुफ्फुसांवर भार येतो, व्हेंटिलेटरचे आकडे चढतात, श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारी कॅप्नोग्राफची रेघ वर सरकते, काही तासांत चेहरा आणि पापण्या सुजतात. फायदेही मला दिसतात. वायूच्या दाबाने शिरांचा झिरपा कमी राहतो, आणि अरुंद ओटीपोटाच्या तळाशी कॅमेरा पोचतो तिथे वाकून पाहणाऱ्याची नजर पोचत नाही.

अडतं ते स्पर्शापाशी. व्रण आणि कर्करोग मॉनिटरवर सारखेच पांढरे. बोटांना फरक कळतो, तोही नेहमी नाही. मग तुकडा फ्रोझन सेक्शनच्या तातडीच्या तपासणीला जातो आणि पॅथॉलॉजीचा फोन येईपर्यंत थिएटरातले सगळे घड्याळाकडे बघत राहतात. सगळी लढाई कडेची आहे. काढलेल्या गाठीच्या कडेला कर्करोगाची एकही पेशी उरता कामा नये. ती उरली तर छेद केवढा होता याला काही अर्थ राहत नाही.

म्हणून एमआरआय आणि पेट स्कॅनवर गाठ बाजूच्या भिंतीला, मोठ्या रक्तवाहिन्यांना किंवा सेक्रमच्या हाडाला धरलेली दिसली, की बहुतेक सर्जन सरळ पोट उघडायचं ठरवतात. त्या दिवशी माझी तयारी वेगळी. मनगटात धमनीची लाइन, मानेत मोठी लाइन, रक्तपेढीला आदल्या दिवशीच निरोप. सेक्रमपुढच्या शिरा फाटल्या की त्यांची तोंडं हाडात आखडतात आणि टाका धरत नाही. सर्जन पॅक दाबून उभा राहतो, मी रक्त चढवत राहते. हाडाचा भाग काढायचा असेल तर पेशंटला मध्येच पालथं करावं लागतं. नळी, लाइन, डोळे, मान, सगळं सांभाळून.

दुर्बिणीच्या बाजूने नेहमी 2015 च्या 'कलर टू' अभ्यासाचा दाखला दिला जातो. 1044 रुग्ण, तीन वर्षांनी त्याच भागात रोग परतण्याचं प्रमाण दोन्ही गटांत पाच टक्के. आकडे खरे आहेत, पण ते पहिल्यांदाच रोग झालेल्यांचे, आणि शेजारच्या अवयवांत गाठ शिरलेले रुग्ण त्यात घेतलेलेच नव्हते. परतलेल्या रोगाबद्दलची माहिती मुख्यतः निवडक मोठ्या केंद्रांच्या अनुभवातून येते, आणि तिथेही सोप्या जागेच्या गाठी दुर्बिणीकडे, अवघड गाठी पोट उघडण्याकडे जाणार हे उघडच आहे.

वॉर्डात फरक दिसतो, नाही असं नाही. दुर्बिणीवाला पेशंट नीट खोकतो, लवकर चालू लागतो. पण गुदद्वारही काढलेलं असेल तर खालची जखम दोघांची तेवढीच. रेडिएशन झालेली कातडी सहज भरून येत नाही, आणि ती पोकळी बुजवायला प्लास्टिक सर्जन पुष्कळदा पोटाचाच उभा स्नायू वळवून तिथे बसवतात. तो काढायला पोटावर लांब छेद द्यावाच लागतो.