घाटाची गाडी, घरचे गॅरेज : आधी एक्सल, मग बाकी सारे

अक्कलकुव्याहून मोलगीकडे निघाले की देवगोईचा घाट लागतो, आणि मोलगीच्या पुढे धडगावपर्यंत सातपुडा काही पाठ सोडत नाही. या वाटेने वर्षानुवर्षे माणसे, बाजाराचे सामान, आमचूर, भगर, सिमेंटच्या गोण्या असे सारे काही जीपगाड्यांनीच वर-खाली केले. कमांडर असो, मेजर असो की ट्रॅक्स, आत माणसे किती बसली हे मोजण्याची पद्धत या भागात फारशी नव्हती. साहजिकच या गाड्यांचे हाल होतात ते खाली, जिथे प्रवाशाची नजर जात नाही तिथे. पाटे तुटतात, क्रॉस जातात, क्राऊन-पिनियन आवाज करू लागते आणि एखाद्या दिवशी एक्सल शाफ्ट कटकन मोडतो. अक्कलकुवा, तळोदा, शहादा या पट्ट्यातील गॅरेजवाल्यांचे घर याच दुरुस्तीवर चालत आले आहे.

इतकी वर्षे दुसऱ्याच्या गाड्या जोडणाऱ्या उस्तादाच्या मनात एक विचार येतोच. जुनी चेसीस मिळते, वेल्डिंगचा सेट घरी आहे, चेन ब्लॉक आहे, ग्राइंडर आहे. मग मोठ्या गाडीचे भक्कम एक्सल खाली घालून, मोठे टायर चढवून, डोंगराला न डगमगणारी एक गाडी आपणच का बनवू नये? आणि बनवून विकू का नये? या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. गाडी बनते का, याचे उत्तर होय. धंदा होतो का, याचे उत्तर मात्र सरळ नाही, आणि ते समजून न घेता पैसा गुंतवणाऱ्याचा पैसा अंगणात गंजत उभा राहतो.

आधी हुन्नराची बाजू पाहू.

घरच्या जागेत गाडी उभी करता येते हे सांगलीने दाखवले आहे. कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार या फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या कारागिराने भंगारातून मिळालेल्या सुट्या भागांवर जीपच्या घाटणीची एक छोटी चारचाकी बनवली. दुचाकीसारखी किक मारली की ती सुरू होई. सुमारे ६० हजार रुपये खर्च आल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत छापून आले होते. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांच्या नजरेस ही गाडी पडली. त्यांनी कारागिराची वाखाणणी केली, पण त्याच दमात हेही सांगितले की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती अडवतील. तेव्हा ती आम्हाला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या. जानेवारी २०२२ मध्ये तसा बदला झालाही. बातमीत सर्वांना बोलेरो दिसली. आमच्या मते वाचण्यासारखे वाक्य अडवण्याचे होते. प्रत्येक गाडीमागे बोलेरो घेऊन कुणी दारात येत नसते.

जाता जाता एक गोष्ट. ज्या जीपवर आपल्या डोंगरातील गॅरेजे उभी राहिली, ती इथे आणणारी कंपनी १९४५ साली सुरू झाली तेव्हा तिच्या नावात महिंद्राच्या जोडीला मोहम्मद होते. मलिक गुलाम मोहम्मद हे त्यातले भागीदार. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावात महिंद्राच दोनदा आले.

आता एक्सल. डोंगराच्या गाडीत पैसा आधी इंजिनावर घालणारे पुष्कळ भेटतात. उलट करावे. हिशेब सोपा आहे. जुन्या विलीज घराण्यातील सी.जे. ३ बी जीपचा पहिला गिअर २.८ पट, लो रेंज २.४६ पट आणि क्राऊन-पिनियन ४३ दाते विरुद्ध ८ दाते, म्हणजे ५.३८ पट. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७ होतो. इंजिनाची पीळ देण्याची ताकद १५ किलोग्रॅम-मीटर धरली, तर चाकांपाशी ती साडेपाचशेच्या वर पोहोचते. सपाट रस्त्यावर ही ताकद वाटली जाते. नाल्यात एक चाक दगडाला अडले आणि ड्रायव्हरने रागाने क्लच सोडला, की हा झटका एखाद्याच शाफ्टवर येऊ शकतो. मूळ २८ इंचाच्या टायरऐवजी ३३ इंचाचे टायर लावले, तर चाकाचा दांडा सुमारे १८ टक्क्यांनी लांब होतो. तेवढाच जास्त ताण एक्सलवर येतो. मीटरही कमी दाखवतो, हे वेगळे. म्हणून टायर मोठे करायचे तर एक्सल आधी मोठे झाले पाहिजे. दुकानातून टायर आणणे सोपे असते, म्हणून लोक तेच आधी करतात.

भक्कम एक्सल निवडताना नुसती जाडी पाहू नये. एक्सलच्या दोन जाती आहेत. एकीत शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचे वजनही उचलतो; तो मोडला तर चाक बाहेर निघण्याचा धोका असतो. दुसरीला फुल फ्लोटिंग म्हणतात. तिथे वजन हाऊसिंगवर आणि हबच्या दोन बेअरिंगवर असते, शाफ्टला फक्त पीळ सोसावा लागतो. तो मोडला तरी चाक जागेवर राहते, बाहेर ओढून नवा घालता येतो. ट्रकला हीच जात असते. घाटात माणसे वाहणाऱ्या गाडीला ही जात किती मोलाची आहे हे सांगायला नको.

पण ट्रकच्या जातीचा एक्सल जीपला रुंद पडतो आणि मग तो कापण्याचा प्रसंग येतो. खरा उस्ताद कोण, ते येथे कळते. हाऊसिंगची नळी कापून जोडता येते, मात्र डोळ्याने सरळ दिसली म्हणून ती सरळ नसते. डिफरन्शियलच्या बेअरिंगच्या जागेत बसतील अशा दोन चकत्या लेथवर काढून त्यांतून एक जाड सरळ बार आरपार घालावा आणि त्या बारवर नळी बसवून मगच टाके मारावेत. टाके समोरासमोर मारावेत, एका दमात गोल फिरू नये. नळी तापून वाकते आणि पुढे बेअरिंग व सील खात राहते. मधला भाग ओतीव असेल तर आधी सावकाश तापवून, लो हायड्रोजन जातीच्या कोरड्या वेल्डिंग रॉडने वेल्ड करून, राखेत ठेवून हळूहळू थंड होऊ द्यावे. घाईने पाणी मारले की तडा आलाच.

शाफ्टची गोष्ट वेगळी. शाफ्ट कापून मध्ये वेल्ड करू नये. कधीही करू नये. तो पाणी दिलेला पोलादी भाग असतो. वेल्डच्या उष्णतेने त्याचा कस जातो आणि जोड वरून कितीही गुळगुळीत दिसला तरी पहिल्या मोठ्या झटक्यात तिथेच तुटतो. लांबी कमी करायची तर योग्य जाडीच्या शाफ्टवर मिलिंग करून नवे दाते पाडून घ्यावेत आणि त्याला पुन्हा पाणी द्यावे. हे काम खेड्यातील लेथवर होत नाही. त्यासाठी मोठ्या शहरातील कारखाना गाठावा लागतो आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात आधीच धरावेत.

पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळ्या गाड्यांचा घेतला तर दातांचे प्रमाण तंतोतंत एक हवे. मागे ५.३८ आणि पुढे ४.८८ असे असेल, तर फोर व्हील टाकताच दोन्ही एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस बळी जातो. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्यावेत, एक नवा एक जुना चालत नाही. बॅकलॅश डायल गेजवर पाहावा. या मापाच्या एक्सलमध्ये तो पाच ते आठ थाऊच्या दरम्यान येतो, तरी त्या एक्सलचा आकडा पाहून शिम द्यावेत. पुढच्या एक्सलचा कच्चा भाग म्हणजे वळणारा जॉइंट. स्टेअरिंग पूर्ण वळवून जोर दिला की तोच आधी जातो.

आणि ब्रेक! मोठ्या एक्सलबरोबर मोठे व्हील सिलिंडर येतात, मास्टर सिलिंडर मात्र छोट्या जीपचाच राहतो. मग पेडल खाली जाते. चढताना गाडी वाघ, उतरताना रामभरोसे. देवगोई उतरायचा असेल तर मास्टर सिलिंडर आणि चाकाकडील सिलिंडर यांचा मेळ एक्सल चढवण्यापूर्वीच ठरवावा. पुढे पाच बोल्टचे चाक आणि मागे सहा बोल्टचे, असेही होते. मग स्टेपन्या दोन बाळगा.

इतकी मेहनत घेतल्यावर गाडी उत्तम होते. आता धंद्याची आणि कायद्याची बाजू.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या वर्णनाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. नवी गाडी म्हणून नोंदवायची तर तिचा नमुना पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या मान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. कारखान्याला हजारो गाड्यांमागे तो खर्च पेलतो; एका गाडीमागे तो कुणालाच पेलत नाही.

"आपली गाडी शेतातच फिरेल" असे म्हणणाऱ्यांनीही कलम ३९ वाचावे. सार्वजनिक जागेबरोबर 'इतर कोणत्याही जागी' असे शब्द त्यात आहेत. सुटका आहे ती कारखान्यात किंवा बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी खास बनवलेल्या वाहनाला. ही सवलत अरुंद आहे, पण आहे.

येथे एक वाईट वाट आहे आणि ती बाजारात उघडपणे सुचवली जाते: एखाद्या जुन्या जीपचे पुस्तक विकत घ्यायचे, तिचा चेसीस नंबर नव्या गाडीवर उतरवायचा. हा बदल नव्हे, फसवणूक आहे. अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते, मेलेल्याच्या वारसांची भरपाई मालकाच्या अंगावर येते, आणि पोलीस नंबर कुणी ठोकला ते विचारत गॅरेजच्या दारात येतात. गिऱ्हाईक तेव्हा ओळख दाखवत नाही.

मग या हुन्नराचे दाम कुठे मिळेल? आमच्या पाहण्यात तीन जागा येतात. पहिली, नोंदणीकृत गाड्यांचे एक्सल कंपनीच्या मापावर नव्याने बांधून देणे. जुन्या कमांडर, मेजर, ट्रॅक्स डोंगरात अजून चालतात आणि आवाज न करणारे क्राऊन-पिनियन बसवून देणारा माणूस प्रत्येक तालुक्यात सापडत नाही. डायल गेज, प्रेस आणि धूळ येणार नाही अशी एक खोली, एवढ्यावर हे काम उभे राहते. दुसरी, बंदिस्त आवारातील वाहने : नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या, जिनिंगची आवारे, साखर कारखाने येथे माल इकडून तिकडे नेणाऱ्या हळू, भक्कम गाड्या लागतात. तिसरी जागा शौकिनांची. २०१४ मध्ये गोव्यात पावसाळ्यात रेन फॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा सुरू झाली. अशा स्पर्धांसाठी मोठ्या एक्सलच्या, लोखंडी पिंजऱ्याच्या गाड्या मुद्दाम बांधल्या जातात; त्या ट्रकवर लादून नेतात आणि आखलेल्या मार्गावर उतरवतात. हे गिऱ्हाईक पैसा देते, पण मापात थाऊची चूक चालवून घेत नाही.

अक्कलकुव्यात १९७९ साली स्थापन झालेल्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमने दीनी तालीमबरोबर तंत्रशिक्षणही उभे केले आहे. मापे घेणारा, ड्रॉइंग वाचणारा मुलगा आणि लोखंडाचा आवाज ओळखणारा उस्ताद एका छपराखाली आले, तर पहिल्या प्रकारचे काम उद्यापासून सुरू होऊ शकते.

सुरुवात करणाऱ्याने दोन कागद ठेवावेत. भंगारवाल्याकडून एक्सल घेताना पावती घ्यावी आणि तो कोणत्या गाडीचा, तिचा नंबर काय, हे त्यावर लिहून घ्यावे. चोरीचा माल निघाला तर तोच कागद वाचवतो. आणि गिऱ्हाइकाला बिल देताना काय काढले, काय घातले, बॅकलॅश किती ठेवला आणि किती किलोमीटरनंतर तेल बदलायला यायचे, हे त्यावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात लिहावे.